मोरपंखी कॅलेथियाच्या करपलेल्या कडा : एका झाडाचं प्रकरण

झाड कॅलेथिया मकोयाना, पानावर मोरपिसाची नक्षी असलेलं. घरात येऊन दीडेक वर्ष झालेलं. पहिलं वर्ष बिनतक्रार गेलं. नंतर एका पानाच्या टोकाशी तपकिरी ठिपका आला, तो कडेकडेने खाली सरकला, मग दुसरं पान, मग तिसरं. माझ्याकडे फोटो आले तेव्हा अकरा पानांपैकी एकाचीही कड शाबूत नव्हती. दुपार उलटली की पानं आतल्या बाजूला वळायची. नवीन पान अगदी स्वच्छ उलगडायचं, पण महिनाभरात त्याचीही कड करपायला लागायची.

झाड ज्यांचं, त्यांना इथे ताई म्हणतो. त्या निष्काळजी मुळीच नाहीत, उलट काळजीच जास्त झाली होती. ज्यांना ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनी एकच निदान केलं होतं : हवा कोरडी आहे. म्हणून ह्युमिडिफायर आला. सकाळ-संध्याकाळ पानांवर पाणी फवारणं सुरू झालं. कुंडीखाली खडे आणि पाणी भरलेला ट्रे आला. 'सावलीतलं झाड आहे, उजेडाने करपत असेल' म्हणून ते खिडकीजवळून उचलून खोलीच्या आतल्या कोपऱ्यात गेलं. पानं लहान येऊ लागली तेव्हा दर आठवड्याला पातळ खत सुरू झालं. आणि 'मुळांना जागा पुरत नसेल' म्हणून पाच इंची कुंडीतून ते आठ इंची सिरॅमिकच्या कुंडीत गेलं, तळाला निचऱ्यासाठी खडीचा थर घालून.

यातल्या प्रत्येक उपायामागे काहीतरी तर्क आहे. पण सगळे मिळून झाड खाली खाली जात होतं. "दादा, आता हे टाकून द्यायचं का तेवढं सांगा," असा ताईंचा निरोप होता.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. ह्युमिडिफायर लावल्यावर सुरुवातीचे काही आठवडे खरंच फरक पडला होता. नवीन पानाची कड नेहमीपेक्षा उशिरा करपली. त्यामुळे निदान बरोबर आहे याची सगळ्यांना खात्री पटली, आणि मग पुढचे महिने आर्द्रता वाढवण्यातच गेले. औषधाने थोडा गुण येतो आणि रोग मात्र वाढतच राहतो, तेव्हा निदान पुन्हा तपासावं लागतं.

आधी काय बाद केलं

उन्हाचा डाग ओळखायला सोपा. तो उन्हाकडे तोंड असलेल्या पानांवर, पात्याच्या मध्यावर, फिकट आणि सुकलेल्या चट्ट्यासारखा पडतो. इथे झाड कोपऱ्यात होतं, आणि सगळ्या पानांच्या फक्त कडा गेल्या होत्या. ऊन बाद.

थंडी बाद. खोलीचं तापमान २२ ते २७ अंशांमध्ये असायचं. कॅलेथियाला त्रास सुरू होतो तो १५-१६ अंशांच्या खाली, आणि एसीचा झोत थेट अंगावर येत असेल तर. एसी खोलीत होता, पण त्याचं तोंड दुसरीकडे होतं.

लाल कोळी हा या झाडाचा खरा वैरी, म्हणून तिथे घाई केली नाही. मकोयानाच्या पानाची खालची बाजू जांभळट असते आणि वरची नक्षी खालीही उमटलेली असते. कोळ्यांनी रस शोषल्यावर जे बारीक फिके टिपके येतात, ते या नक्षीत सहज लपतात. ताईंना पान पांढऱ्या कागदावर धरून टिचकी मारायला सांगितलं. कागदावर पडलेल्या धुळीतले कण चालू लागले तर कोळी. चाललं काहीच नाही. मग ओल्या पांढऱ्या कापडाने पानांची पाठ पुसून बघितली. कापडावर धुळीखेरीज काही आलं नाही. देठाच्या खाचेत पिठ्या ढेकूणही नव्हते.

आता आर्द्रता. टेबलावर ठेवायचं साधं आर्द्रतामापक यंत्र झाडाशेजारी ठेवलं. ह्युमिडिफायर चालू असताना आकडा ५५ ते ६० टक्क्यांच्या दरम्यान. या झाडासाठी तेवढी आर्द्रता पुरेशी आहे. हातपंपाची फवारणी मी जमेतच धरत नाही. पानावरचे थेंब वाळेपर्यंत, म्हणजे काही मिनिटं, आसपासची हवा दमट होते आणि पुन्हा होती तशी होते. पान मात्र वारंवार ओलं राहतं, आणि त्याने बुरशीचे डाग पडू शकतात. खड्यांच्या ट्रेचाही हवेवरचा परिणाम नाममात्रच. उलट इथे त्या ट्रेने एक वेगळीच अडचण केली होती, ती पुढे येते.

शेजारच्या झाडांची साक्ष

एखादं झाड का बिघडलं हे विचारायचं असेल तर मी आधी त्याच खोलीतल्या बाकीच्या झाडांचे फोटो मागतो. आजारी झाडाच्या फोटोपेक्षा त्यातून बऱ्याचदा जास्त कळतं.

ताईंच्या त्याच खोलीत गॅलरीच्या दाराशी बोस्टन फर्न टांगलेलं होतं. हिरवंगार, भरगच्च. बोस्टन फर्नला कोरडी हवा अजिबात सोसत नाही. हवा सुकली की त्याची बारीक पानं झडून खाली सडा पडतो. शिवाय ते ह्युमिडिफायरपासून लांब होतं. म्हणजे ज्या हवेने कॅलेथिया करपत होतं म्हणे, त्याच हवेत तिच्याइतकंच नाजूक झाड मजेत होतं.

दुसऱ्या बाजूला कपाटावर दोन स्पायडर प्लांट होते. हे झाड चिवट. कोरडी हवा, विसरलेलं पाणी, सगळं पचवतं. त्या दोन्हींची टोकं मात्र तपकिरी झाली होती. टोकं करपणं स्पायडर प्लांटमध्ये इतकं नेहमीचं आहे की कोणी त्याची तक्रार करत नाही, ताईंनीही केली नव्हती. पण हे झाड पाण्यातल्या क्षारांना आणि फ्लोराइडला हळवं आहे, आणि कॅलेथियाही तशीच आहे.

नाजूक झाड ठणठणीत आणि चिवट झाड आजारी. असं उलटं चित्र दिसलं की हवा सोडून दोघांमध्ये वेगळं काय आहे ते शोधायचं. मी विचारलं, फर्नला पाणी कुठलं घालता? उत्तर आलं, एसीचं. एसीची नळी गॅलरीतल्या बादलीत सोडली होती, आणि टांगलेल्या कुंड्या जवळ पडतात म्हणून त्यांना त्याच बादलीतलं पाणी मिळायचं. बाकी झाडांना न्हाणीघरातल्या नळाचं.

एसीचं पाणी म्हणजे हवेतलीच वाफ थंड होऊन जमलेली. त्यात विरघळलेले क्षार जवळजवळ नसतात. (यंत्रातली धूळ आणि धातूचे अंश त्यात येऊ शकतात, म्हणून सगळ्याच झाडांना कायम तेच घाला असं मी म्हणणार नाही. या फर्नला मात्र ते मानवलं होतं.)

नळाच्या पाण्यात काय बदललं होतं

नळाचं पाणी वाईट असतं तर झाड पहिलं वर्ष नीट कसं राहिलं? हा ताईंचा प्रश्न रास्त होता. म्हणून पहिला ठिपका दिसायच्या आधीच्या दोन-चार महिन्यांत घरात काय काय बदललं याची यादी करायला सांगितली. नवा पडदा, नवा सोफा, आणि मग सहज म्हणून शेवटी : पूर्ण घराला बसवलेला वॉटर सॉफ्टनर. नळांवर पांढरा थर चढायचा तो बंद झाला होता, त्यामुळे तो बदल सगळ्यांच्या लेखी चांगलाच होता.

घरगुती सॉफ्टनर बहुतेक वेळा आयन-बदलावर चालतो. पाण्याला जड करणारे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तो धरून ठेवतो आणि त्यांच्या बदल्यात सोडियम पाण्यात सोडतो. त्यासाठीच त्यात अधूनमधून मीठ भरावं लागतं. असं पाणी कपड्यांना, गिझरला आणि नळांना उत्तम. कुंडीतल्या झाडासाठी मात्र हा सौदा उलटा आहे : उपयोगाची खनिजं गेली आणि बिनकामाचा क्षार आला.

ताईंनी हे आधी तपासलं होतं, यात त्यांचं खरंच कौतुक आहे. त्यांच्याकडे टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण दाखवणारं छोटं यंत्र, होता. सॉफ्टनरच्या आधी पाणी ३३० दाखवायचं, नंतर ३४०. म्हणजे पाणी आहे तसंच आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. इथे भलेभले फसतात. टीडीएस मीटर विरघळलेले पदार्थ ओळखत नाही, पाण्यातून वीज किती वाहते यावरून त्यांच्या एकूण प्रमाणाचा अंदाज देतो. सॉफ्टनर पाण्यातले क्षार कमी करत नाही, फक्त त्यांची अदलाबदल करतो. म्हणून आकडा जागच्या जागी राहतो आणि पाणी मात्र पार बदललेलं असतं.

फ्लोराइडबद्दलही विचार केला, कारण ज्या पर्णझाडांना फ्लोराइड बाधतं त्यांच्या यादीत कॅलेथिया असतेच. पाणी रात्रभर उघडं ठेवल्याने क्लोरीन उडून जातो, फ्लोराइड जात नाही. उकळल्यानेही जात नाही, उलट पाणी आटून ते थोडं घट्टच होतं. या प्रकरणात मात्र सॉफ्टनर फ्लोराइड घालत नाही आणि काढतही नाही. जे काही फ्लोराइड होतं ते पहिल्या चांगल्या वर्षातही होतं. ते भर घालत असेल, पण सुरुवात त्याने केली असं घटनाक्रम सांगत नव्हता.

कडच का, आणि ह्युमिडिफायरने फरक का पडला

कॅलेथियाचं पान उजेडाकडे धरून बघा. मधल्या शिरेपासून निघालेल्या बारीक शिरा किंचित एस आकाराचं वळण घेत समांतर कडेपर्यंत जातात. मुळांनी ओढलेलं पाणी या वाटांनी पसरतं आणि पानावरच्या रंध्रांतून वाफ होऊन उडतं. पाणी उडतं, त्यातले क्षार उडत नाहीत. ते प्रवाहाच्या शेवटी, म्हणजे टोकाशी आणि कडेला साठत जातात. ठरावीक पातळी ओलांडली की तिथल्या पेशी मरतात. म्हणून नवीन पान स्वच्छ येतं आणि जसजसं जास्त पाणी त्यातून वाहतं तसतशी त्याची कड करपते. ताईंच्या झाडाची सगळी तक्रार या एका गोष्टीत बसत होती.

ह्युमिडिफायरचं कोडंही इथेच सुटतं. हवा दमट झाली की पानातून पाणी कमी उडतं. पाणी कमी उडालं की क्षार कडेला हळू पोचतात. कड करपते, फक्त उशिरा. आर्द्रतेने गुण येतो तो असा. कॅलेथियाच्या कडा करपल्या की सगळे एकसुरात हवेला दोष देतात त्याचं कारणही मला हेच वाटतं. दमट हवा वाईट पाण्याचा परिणाम लांबवते आणि त्यामुळे पाण्याकडे कोणी बघत नाही.

दुपारी पानं वळण्याचं कारण मात्र यातून मिळत नव्हतं. पान वळतं ते पाण्याची तूट झाली की. माती कोरडी असेल तर वळेल, आणि माती ओली असून मुळं पाणी ओढू शकत नसतील तरीही वळेल. ताईंच्या कुंडीत बोट घातलं की ओल लागायची.

म्हणून ताईंना एकाच जागेवरून दुपारी आणि रात्री उशिरा असे दोन फोटो काढायला सांगितले. या कुळातल्या झाडांमध्ये पातं आणि देठ जिथे जुळतात तिथे जाडसर सांधा असतो, त्याला पल्व्हिनस म्हणतात. त्यातल्या पेशी पाणी आत-बाहेर करून फुगतात आणि आक्रसतात, आणि पान दिवसा पसरतं, रात्री उभं राहतं. ही हालचाल उजेडाच्या थेट हुकमाने होत नाही, झाडाचं आतलं घड्याळ ती चालवतं. फ्रेंच शास्त्रज्ञ द मेराँ यांनी १७२९ साली लाजाळूच्या जातीचं झाड अंधारात ठेवलं, तरी त्याची पानं रोजच्या वेळी मिटत-उघडत राहिल्याचं नोंदलेलं आहे. घड्याळ आतलं असलं तरी सांधा हलायला पाण्याचा दाब लागतोच. ताईंच्या दोन फोटोंमध्ये फरक जवळजवळ नव्हता. पूर्वी पानं रात्री अशी उभी राहायची की खालची जांभळी बाजू दिसायची, हे त्यांनाही आठवलं. आता मुळं बघणं भाग होतं.

कुंडीच्या आत

कुंडी उलटी करायच्या आधी एक चाचणी केली. कुंडीत वरून आरओचं पाणी हळूहळू सोडलं आणि तळाच्या भोकातून बाहेर आलेलं वाटीत धरलं. टीडीएस मीटरवर आत जाणारं पाणी २५, बाहेर आलेलं १५०० च्या आसपास. मीटरनुसार आकडा थोडा बदलतो, पण कमी खतावर जगणाऱ्या झाडाच्या मुळांशी एवढं खारट पाणी असूच नये. यात सोडियमबरोबर दर आठवड्याचं खतही होतं. आणि तो खड्यांचा ट्रे : कुंडीतून निथळलेलं खारट पाणी ट्रेमध्ये साचायचं, आटून अजून खारट व्हायचं आणि कुंडीचा तळ त्याला टेकलेला असल्यामुळे पुन्हा वर ओढलं जायचं. क्षारांना बाहेर जायला वाटच नव्हती.

झाड बाहेर काढलं. मधे जुन्या पाच इंची कुंडीचा मातीचा गोळा तसाच्या तसा होता. भोवतालच्या नव्या मातीत मुळं फारशी शिरलीच नव्हती. खडीच्या वरचा तीन-चार बोटांचा थर चिखल झाला होता आणि त्याला आंबूस वास येत होता. त्या थरातली मुळं तपकिरी, बोटांनी ओढली की वरची साल निघून आत दोऱ्यासारखा तंतू राहायचा. वरच्या अर्ध्या भागातली मुळं मात्र पांढरट आणि टणक होती, आणि काही मुळांच्या टोकाशी छोट्या फुगीर गाठी होत्या. त्या गाठी रोगाच्या नाहीत. या कुळातली अनेक झाडं मुळांत असं पाणी आणि पिष्ट साठवून ठेवतात. आरारूटही याच कुळातलं. आडवा गड्डा दाबून बघितला, घट्ट होता. तिथेच झाड वाचणार हे मी ताईंना सांगितलं. पानं सगळी गेली तरी गड्डा निरोगी असेल तर कॅलेथिया पुन्हा फुटते.

खडीच्या थराबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण हा समज फार चिवट आहे. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांमध्ये सहजी उतरत नाही. माती पूर्ण भिजून जड होईपर्यंत ते खडीच्या वरच अडून राहतं. कुंडीच्या तळाशी नेहमी एक चिंब थर असतोच. खडी घातली की तो थर जात नाही, तो खडीच्या उंचीएवढा वर, मुळांच्या जवळ सरकतो. निचरा मातीच्या पोताने आणि तळाच्या भोकाने होतो. त्यात कुंडी आठ इंची आणि मुळं पाच इंचांची, म्हणजे ज्या मातीतलं पाणी कोणी पीत नाही अशी माती भोवताली भरपूर.

आणि वरून अंधाराचा कोपरा. फोनवरच्या ॲपने तिथे भर दुपारी १५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड भरला. भर उन्हात बाहेर साधारण एक लाख लक्स असतात. घनदाट पावसाळी जंगलाच्या जमिनीवर त्यातला एक-दोन टक्के उजेड पोचतो, म्हणजे हजार-दोन हजार लक्स. सावलीत वाढणारं झाड म्हणून त्याला दिलेला कोपरा त्याच्या जंगलापेक्षा कितीतरी अंधारा होता. डोळ्यांना हा फरक कळत नाही, कारण ते अंधाराला लगेच सरावतात. उजेड कमी, म्हणून वाढ कमी, म्हणून पाणी कमी लागणार. पाणी मात्र पूर्वीच्याच हिशेबाने चालू होतं.

उपचार

नुसतं भरपूर पाणी सोडून क्षार धुऊन काढणं हा अशा वेळी पहिला उपाय असतो, आणि मुळं धड असती तर मीही तोच सांगितला असता. पण कुजणाऱ्या मुळांवर बादलीभर पाणी ओतणं बरोबर नव्हतं. त्यामुळे झाड अशक्त असूनही कुंडी बदलायची असं ठरलं. आजारी झाडाची माती बदलू नये असा एक नियम सांगतात. माती ठीक असेल तेव्हा तो योग्य आहे. इथे आजार मातीतच होता.

कुजलेली मुळं निर्जंतुक केलेल्या कात्रीने कापली. चांगल्या मुळांभोवतीची जुनी माती आरओच्या कोमट पाण्यात हलवून सोडवली. गोळ्याच्या मध्यावरची घट्ट माती ओरबाडली नाही, जेवढी आपोआप सुटली तेवढीच काढली. नवं मिश्रण : दोन भाग कोकोपीट, एक भाग झाडाच्या सालीचे बारीक तुकडे, एक भाग प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड). कोकोपीट वापरण्यापूर्वी ते पुन्हा पुन्हा साध्या पाण्यात भिजवून पिळून घेतलं. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार भरपूर असू शकतात, आणि एवढं सगळं करून पुन्हा तेच आत घालण्यात अर्थ नव्हता. पर्लाइटमध्ये (माती भुसभुशीत ठेवायला घालतात ते भाजून फुगवलेले पांढरे खनिज दाणे) फ्लोराइडचा अंश असतो म्हणून कॅलेथियाला ते टाळावं असं काहीजण सांगतात. माझ्या मते धुऊन घेतलेलं, आम्लता फार नसलेल्या मिश्रणातलं पर्लाइट एवढं घातक नाही, पण प्युमिस हाताशी होतं म्हणून तेच घेतलं.

कुंडी पुन्हा पाच इंची, साधी प्लास्टिकची, तळाला चार भोकं. सिरॅमिकची कुंडी बाहेरून दिसण्यापुरती ठेवली, आत निथळलेलं पाणी साचणार नाही याची काळजी घेऊन. सगळ्यात जास्त करपलेली चार पानं देठापासून काढली, कारण उरलेल्या मुळांना अकरा पानं पोसणं झेपलं नसतं. बाकी पानांच्या करपलेल्या कडा ताईंना दिसायला नको होत्या. त्यांना पानाचा आकार राखून, हिरव्या भागाला न लावता, तपकिरी पट्टी थोडी बाकी ठेवून कापायला सांगितलं. हिरव्यात कापलं तर तिथे नवी तपकिरी कड तयार होते.

झाड पूर्वेच्या खिडकीपासून हातभर अंतरावर, पातळ पडद्यामागे आलं. दोन आठवडे त्याच्यावर पारदर्शक पिशवी सैलसर घातली, रोज थोडा वेळ उघडून. इथे आर्द्रता मला खरोखरच हवी होती, कारण मुळं कापलेली होती आणि पानांतून पाणी उडणं थांबवायचं होतं. खत बंद. पाणी फक्त आरओचं, मातीचा वरचा दोन सेंटीमीटर थर सुकल्यावर, तळातून थोडं निथळेपर्यंत, आणि निथळलेलं लगेच फेकून द्यायचं.

पुढे काय झालं

आधी आणखी बिघडलं. पहिल्या काही दिवसांतच दोन पानं पिवळी पडून लोळली. याची कल्पना दिलेली होती तरी ताईंनी घाबरून फोन केला. गड्डा घट्ट आहे ना एवढंच तपासायला सांगितलं. होता. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास रात्रीच्या फोटोत उरलेली पानं किंचित वर उचललेली दिसली. मुळं पाणी ओढू लागल्याची ही पहिली खूण, नवीन पानाच्या कितीतरी आधीची. मग मधून एक सुरळी वर आली. ती सावकाश उलगडली, पान मागच्यापेक्षा मोठं होतं, आणि दीड महिना उलटून गेला तरी कड स्वच्छ होती. त्यानंतर आलेल्या पानाचंही तसंच.

जुन्या पानांच्या कडा अर्थातच हिरव्या झाल्या नाहीत. मेलेला भाग परत जिवंत होत नाही. गुण आला की नाही ते फक्त नवीन पानांवर बघायचं.

पण खरा प्रश्न उरतोच. आपण माती, कुंडी, जागा, खत, पाणी, सगळं एकदम बदललं. मग गुण पाण्याने आला हे कशावरून? कॅलेथियावर हे वेगळं करून बघणं शक्य नव्हतं. म्हणून सुरुवातीलाच कपाटावरचे दोन स्पायडर प्लांट कामाला लावले होते. एकाला आरओचं पाणी, दुसऱ्याला नेहमीचं सॉफ्टनरचं. जागा, माती, कुंडी, सगळं तेच. महिन्या-दोन महिन्यांनी आरओवाल्याची नवी पानं टोकापर्यंत हिरवी होती, दुसऱ्याची टोकं पूर्वीसारखीच करपत होती. दोन झाडांवरून मोठा सिद्धांत मांडता येत नाही, पण या घरातल्या या पाण्याबद्दल एवढा पुरावा मला पुरेसा वाटला. दुसऱ्या झाडालाही मग आरओ सुरू झालं.

आरओच्या पाण्याचा एक तोटा आहे. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही उरत नाही. म्हणून दुसरं नवीन पान उघडल्यावर खत सुरू केलं ते ही दोन्ही असलेलं, पाकिटावरच्या मात्रेच्या चौथाई, महिन्यातून एकदा, ओल्या मातीत. पुढे ताईंच्या प्लंबरने स्वयंपाकघरातला थंड पाण्याचा एक नळ सॉफ्टनरला वळसा घालून थेट टाकीला जोडून दिला. बऱ्याच घरांत अशी न मऊ केलेली एखादी लाइन आधीपासूनच असते, फक्त कुठली ते माहीत नसतं. आता त्या नळाचं आणि आरओचं पाणी निम्मं-निम्मं करून ताई घालतात. काही महिन्यांतून एकदा वरून भरपूर पाणी सोडून निथळू देतात आणि बाहेर आलेल्या पाण्याचा आकडा वहीत लिहितात. तो ५०० च्या खाली राहिला आहे.

ह्युमिडिफायरचं काय, हे ताईंनी शेवटी विचारलं. तो बंद करून बघू, असं ठरलं. आर्द्रता ४०-४५ टक्क्यांवर आली. कडा शाबूत राहिल्या. पण त्या काळात आलेली एक सुरळी मधेच अडकली आणि उलगडताना पान एका बाजूला फाटलं. त्याच सुमारास कागदाच्या चाचणीत दोन-तीन कण चालताना दिसले. कोरडी ऊबदार हवा लाल कोळ्याला फार मानवते, अशा हवेत त्याची पिढी आठवड्याभरात तयार होते. साबणाच्या सौम्य पाण्याने पानांची पाठ पुसली. साबणाने अंडी मरत नाहीत, म्हणून पाच-सहा दिवसांच्या अंतराने तेच पुन्हा पुन्हा केलं, तेव्हा ते आटोक्यात आले. म्हणजे या झाडाला आर्द्रता हवीच, फक्त ती सुरळी नीट उलगडायला आणि कोळ्यांना दूर ठेवायला. करपणाऱ्या कडेवर तो इलाज नाही. आता नवी सुरळी दिसली की ताई ह्युमिडिफायर चालू करतात आणि पान उघडलं की बंद.

नावाचा एक घोळ जाता जाता सांगून ठेवतो. वंशावळीच्या अभ्यासानंतर २०१२ साली कॅलेथियाच्या बहुतेक जाती, अडीचशेच्या आसपास, गोपर्टिया या प्रजातीत हलवल्या गेल्या, आणि मकोयानाही त्यातच आहे. झाडाच्या चिठ्ठीवर यातलं कोणतंही नाव असू शकतं. दोन वेगळी झाडं समजून दोन वेगळ्या काळज्या घेऊ नका.

सध्या झाडाला नऊ पानं आहेत, त्यांतली दोन जुनी, कापलेल्या कडांची. ती दोन काढून टाकू का असं ताई विचारतात. मी नको म्हटलं आहे. ती अजून हिरवी आहेत आणि रात्री बाकीच्यांसारखीच उभी राहतात, म्हणजे कामाची आहेत. मोठ्या कुंडीचा विषयही सध्या बंद आहे. तळाच्या भोकांतून पांढरी मुळं डोकावू लागली की सहा इंची कुंडी घ्यायची, त्याहून मोठी नाही.